आंबागडची हवा आणि कोकेनची ओढ

आपल्या धर्मग्रामांतून एक औषध पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले आहे. त्याला डॉक्टर लागत नाही, चिठ्ठी लागत नाही. रेल्वेचे एक तिकीट पुरते. त्या औषधाचे नाव हवापालट. थोरला बाटलीच्या नादी लागला, तर त्याला आजोळी पाठवा. मुलीचे मन भलतीकडे जडले, तर तिला सुट्टीभर आत्याकडे ठेवा. धाकट्याची संगत बिघडली, तर दूरच्या मिशनमधल्या वसतिगृहात घाला. माणूस दृष्टीआड झाला की प्रश्न मिटला असे आपण मानतो, आणि तो परत आला की एकमेकांना विचारतो, ‘सुधारला ना?’ या औषधाविरुद्ध आम्हांला आज लिहावयाचे आहे. तिऱ्हाईतपणे नव्हे. ते पाजणाऱ्यांत आम्ही स्वतः होतो.

मुलाचे नाव आम्ही देणार नाही, गावाचेही नाही. क्रूझ जहाजावर त्याने चार वर्षे वेटरची नोकरी केली. तेथे कोकेनची चटक लागली आणि नोकरी सुटल्यावर मुंबईत ते पुरविणारेही भेटले. जहाजाच्या पगारातून घरावर जो वरचा मजला चढला होता, त्याच मजल्यावरच्या खोलीचे दार तो आतून लावून घेऊ लागला. आईच्या बांगड्या गेल्या, बहिणीच्या लग्नाची ठेव गेली. जानेवारीच्या अखेरीस त्याचे वडील आमच्याकडे आले, खुर्चीत बसले आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत.

धर्मग्रामातल्या आम्हा चार जाणत्या म्हणविणाऱ्या मंडळींनी मग डोकी एकत्र केली आणि सल्ला दिला: त्याला इथून उचला. भंडारा जिल्ह्यात, तुमसर तालुक्यात, आंबागडच्या पायथ्याशी आमच्यातल्या एकाचे जुने स्नेही राहतात. मँगनीजच्या खाणीतली नोकरी संपवून ते आता थोडी भातशेती पाहतात. मोबाईल काढून घ्या, हातात पैसा देऊ नका, दोन महिने तिथे राहू द्या. कोकेनचे नावही तिकडे कोणी ऐकले नसेल. सल्ला सर्वांना पसंत पडला. खर्च कमी होता आणि चारचौघांत बोभाटाही होणार नव्हता. खरे सांगावयाचे तर दुसरे कारण पहिल्यापेक्षा मोठे होते.

रात्रीच्या गाडीत त्याला बसवून द्यायला आम्ही गेलो होतो. गाडी हलण्यापूर्वी त्याने एवढेच विचारले, “अंकल, तिथून आल्यावर काय?” आम्ही म्हणालो, “आधी जा तर खरा.”

मार्चमध्ये आम्ही त्याला भेटायला गेलो. तुमसर रोडला उतरून पुढे आंबागड. सातपुड्याच्या टेकड्यांवरचा हा किल्ला सन 1700च्या सुमारास, देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शहा याच्या अमलात, राजाखान पठाणाने बांधला. पुढे तो नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि त्याचा तुरुंग झाला. गडावरच्या विहिरीचे विषारी पाणी पाजून कैदी मारीत, अशी कथा सांगतात. आम्ही त्या मुलाबरोबर गड चढून गेलो. बुरूज पाहिले, तट पाहिले, झाडीत बुडालेल्या वाटा पाहिल्या. तो आमच्यापुढे चालत होता, दमत नव्हता. अंगावर मांस चढले होते, चेहऱ्यावर तेज होते. खाली रानात मोहाचा सडा पडला होता आणि बायाबापड्या पहाटेपासून टोपल्या भरीत होत्या.

स्नेही म्हणाले, “आता बेस आहे जी पोरगा. पयले आठ दिस नुसता झोपला. मंग लय चिडचिड करे. आता खाते, हिंडते, ढोरं चारून आनते. सोडलं त्यानं.”

मुलगाही म्हणाला, “आठवणसुद्धा येत नाही, अंकल.” तो खोटे बोलत नव्हता. ही गोष्ट आम्हांला फार उशिरा समजली, म्हणून ती येथे मुद्दाम लिहून ठेवतो.

ईस्टरला तो परत आला. मिस्साला त्याने वाचन केले. धर्मगुरूंनी नाव न घेता उपकारस्तुती केली, पण कोणाविषयी ते सर्वांना ठाऊक होते. बायकांनी डोळे पुसले. घरी जेवण झाले, वडिलांनी मोबाईल परत दिला, बँकेचे कार्डही दिले. विश्वास दाखवावयास हवा, असे आम्हीच सुचविले होते. चौथ्या दिवशी विजेचे बिल भरण्यासाठी तो एटीएमवर गेला. यंत्रातून पाचशेची कोरी करकरीत नोट बाहेर आली. कोकेनची भुकटी नाकात ओढणारे अशी कोरी नोट गुंडाळून तिची नळी करतात. पुढे त्याने आम्हांला सांगितले, “माझा हातच ती गुंडाळायला लागला. मी ठरवलं नव्हतं. छाती धडधडायला लागली, तोंडाला पाणी सुटलं, आणि त्यानंतर मला फक्त पत्ता आठवत होता.” त्या रात्री तो घरी आला नाही. तिसऱ्या दिवशी तो मुंबईतल्या एका इस्पितळात सापडला. हृदयाचे ठोके बेताल झाले होते. वाचला.

आम्ही त्या वेळी काय बोललो, तेही लिहिणे भाग आहे. आम्ही म्हणालो, कृतघ्न. आम्ही म्हणालो, आई-बापांनी एवढे केले, शेजारच्यांनी प्रार्थना केल्या, आणि याने चार दिवसांत सगळे धुळीला मिळविले. इच्छाशक्तीच नाही! आमच्यातला एक तर म्हणाला की, सहा महिने ठेवावयास हवे होते.

त्यानंतर या विषयावरचे जे संशोधन आम्हांला वाचावयास मिळाले, त्याने आमची मान खाली गेली. त्याचा सारांश वाचकांपुढे ठेवतो. थोडे किचकट आहे, पण घराघरांतून फिरणाऱ्या गैरसमजांपेक्षा खचितच सोपे आहे.

मेंदूतल्या पेशी एकमेकींना रसायनांच्या हाती निरोप धाडतात. त्यांतले एक रसायन डोपामिन. वर्तमानपत्रे त्याला ‘सुखाचे रसायन’ म्हणतात, ते पुरते खरे नाही. ‘हे महत्त्वाचे आहे, पुन्हा कर, आणि कुठे, कसे, कोणाबरोबर मिळाले ते विसरू नकोस’ असा धडा मेंदूला देणारे ते रसायन आहे. तहानेल्याला पाणी मिळाले, बापाने लेकराला उचलले, की ते थोडे पाझरते, आणि काम झाल्यावर पेशी ते परत शोषून घेते. कोकेन नेमकी ही परतीची वाट बुजविते. डोपामिन दोन पेशींच्या मधल्या फटीत तुंबून राहते आणि त्याचा डंका वाजतच राहतो. धडा एवढ्या मोठ्या आवाजात दिला जातो की नोटेचा स्पर्श, संडासाची कडी, मित्राच्या मोटारसायकलीचा आवाज, सारे त्याबरोबर कोरले जाते.

मेंदूही हिशेबी आहे. फार आरडाओरडा होऊ लागला की तो कान झाकून घेतो. डोपामिनचा निरोप झेलणाऱ्या जागा, ज्यांना शास्त्रज्ञ ग्राही म्हणतात, त्या तो कमी करतो. डॉ. नोरा वोल्को यांनी 1990च्या दशकात कोकेन सोडलेल्यांच्या मेंदूंची छायाचित्रे घेतली, तेव्हा यांतल्या एका जातीचे ग्राही व्यसन सुटून तीन-चार महिने झाले तरी कमीच आढळले. अशा माणसाला सूर्योदय फिका, आईच्या हातचे कालवण फिके, मिस्सातले गायनही फिके. आपण त्याला म्हणतो, ‘तोंड का पाडून बसला आहेस? देवाचे उपकार मान.’ तो उपकार मानतोही; पण ते उपकार जाणवावेत म्हणून जे दार उघडावे लागते, तेच अर्धे बंद असते.

येल विद्यापीठातल्या फ्रँक गाविन आणि हर्बर्ट क्लेबर या दोन डॉक्टरांनी 1986 साली कोकेन सोडणाऱ्यांचे तीन टप्पे वर्णिले. पहिला कोसळण्याचा, काही तासांपासून चारेक दिवसांचा: माणूस अतोनात झोपतो, खातो, आणि त्या काळात त्याला कोकेन नकोसेच वाटते. दुसरा काही आठवड्यांचा: आधी बरे वाटते, मग कशातच रस उरत नाही आणि ओढ परतते. तिसरा टप्पा अमर्याद: माणूस ठीक असतो, पण एखादी खूण समोर आली की ओढ उसळते. आमच्या स्नेह्यांनी कोणतेही पुस्तक न वाचता पहिले दोन टप्पे अचूक सांगितले होते. तिसरा त्यांना दिसला नाही, कारण आंबागडच्या पायथ्याशी ती खूणच नव्हती. पुढे इतर डॉक्टरांनी इस्पितळात ठेवलेल्या रुग्णांना विचारून पाहिले, तर त्यांनी सांगितलेली ओढ दिवसागणिक उतरतच गेली. म्हणजे रुग्णाच्या मते, डॉक्टरांच्या मते आणि घरच्यांच्या मते सारे आलबेल!

आता खरी गोष्ट. 2001 साली अमेरिकेत जेफ्री ग्रिम, यव्हिन शहाम आणि त्यांचे सहकारी यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. उंदरांना दांडी दाबून कोकेन घ्यावयास शिकविले. दांडी दाबली की एक खूण होई आणि कोकेन शरीरात जाई. मग त्यांना त्या जागेतून उचलून दुसऱ्या पिंजऱ्यात ठेवले. खाणे, पिणे, सारे व्यवस्थित. कोकेन नाही, दांडी नाही, खूणही नाही. काहींना दुसऱ्या दिवशी परत आणले, काहींना आठवड्याने, काहींना महिन्याने, काहींना साठ दिवसांनी. दांडी दाबली तर आता नुसती खूण होई, कोकेन मिळत नसे. आपण म्हणू की साठ दिवसांनी आलेला उंदीर दांडी विसरला असेल. घडले उलट. जितके दिवस अधिक, तितकी दांडी अधिक वेळा दाबली गेली. दूर ठेवल्याने ओढ विझली नव्हती, ती मुरली होती. शास्त्रज्ञांनी या प्रकाराला ‘उबवण’ या अर्थाचे नाव दिले आहे. आम्हांला मात्र आंबागडच्या रानातला मोह आठवतो. फुले वेचून, वाळवून, पाण्यात घालून भांडे झाकून ठेवतात. कोणी त्याला हात लावीत नाही, वरून काही घालीत नाही. काही दिवसांनी झाकण काढले की वास येतो.

आत काय घडते, तेही पुढे कळले. 2008 साली मरीना वुल्फ यांच्या गटाने दाखविले की कोकेन बंद होऊन महिना उलटल्यावर, मेंदूच्या ओढीशी निगडित भागात, ग्लुटामेट नावाच्या दुसऱ्या एका रसायनाचा निरोप झेलणारे वेगळ्याच घडणीचे ग्राही वाढू लागतात. ते नेहमीच्या ग्राहींपेक्षा अधिक तीव्रतेने पेटतात. ते औषधाने रोखले की उंदरांची वाढलेली ओढ उतरली. म्हणजे ज्या महिन्यात आपण ‘आता बेस आहे’ म्हणतो, त्याच महिन्यात मेंदूत ही नवी जोडणी चाललेली असते.

‘उंदराची गोष्ट माणसाला कशाला?’ असे म्हणणारे आम्हांला भेटले आहेत. त्यांच्यासाठी 2016 सालचा एक अभ्यास. मुहम्मद परवाझ, रीटा गोल्डस्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोकेनच्या व्यसनात सापडलेल्या 76 जणांची पाहणी केली. कोणी दोन दिवसांपासून दूर होता, कोणी आठवड्यापासून, कोणी एका महिन्यापासून, सहा महिन्यांपासून वा वर्षापासून. त्यांना कोकेनची चित्रे दाखविली आणि डोक्याला लावलेल्या तारांनी मेंदूची विद्युत्‌-लहर मोजली. शिवाय ‘ओढ वाटते का?’ असे तोंडी विचारले. तोंडी उत्तरे काळानुसार खाली खाली गेली. मेंदूची लहर मात्र महिना आणि सहा महिने झालेल्यांत सर्वांत उंच होती आणि वर्ष झालेल्यांत उतरलेली होती. आमचा मुलगा ‘आठवणसुद्धा येत नाही’ म्हणाला, तेव्हा त्याचे मुख खरे बोलत होते आणि त्याच्या मेंदूला ते ठाऊक नव्हते. आम्ही मुखावर विसंबलो, आणि जो काळ सर्वांत धोक्याचा त्याच काळात त्याला कार्ड, मोबाईल आणि टाळ्या दिल्या.

‘सहा महिने ठेवावयास हवे होते’ म्हणणारे आमचे सदस्य या आकड्यांपुढे आता गप्प आहेत. सहा महिने ठेवला असता, तरी कदाचित हेच झाले असते.

येथे दोन बाजूंनी आक्षेप येतात. पहिला सज्जनांचा: सगळे रसायनांवर ढकलले तर पाप कुठे राहिले, पश्चात्ताप कुठे राहिला? आम्हांला हा आक्षेप महत्त्वाचा वाटतो, पण तो आम्ही फिरवून विचारतो. नोट हाती आली तेव्हा त्या मुलाला निवडीचे स्वातंत्र्य किती उरले होते, हे परमेश्वर जाणे. पण फेब्रुवारी ते एप्रिल आमची शुद्ध जागेवर होती, आमच्या मेंदूत कसलीही उलथापालथ झालेली नव्हती. आणि तरी ‘तिथून आल्यावर काय?’ या त्याच्या प्रश्नाचा आम्ही एकदाही विचार केला नाही. जाब विचारावयाचाच, तर तो कोणाला आधी विचारावा? लूककृत शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात अशुद्ध आत्मा निघून गेल्यावर झाडून-सजवून ठेवलेल्या घराचा दाखला आहे. तो आत्मा आपल्याहून दुष्ट असे आणखी सात घेऊन परततो. प्रवचनांत आम्ही तो अनेकदा ऐकला आहे. घर झाडलेले होते, यावर आमचे नेहमी लक्ष गेले. घरात कोणी राहावयास गेले नव्हते, यावर गेले नाही.

दुसरा आक्षेप बेफिकिरांचा: कोकेन हा श्रीमंतांचा आणि सिनेमावाल्यांचा रोग, आपल्यात कुठे? 2019 साली केंद्र सरकारने प्रसिद्ध केलेल्या, एम्सच्या डॉक्टरांनी केलेल्या पाहणीनुसार देशात सुमारे 10.7 लाख लोक कोकेन घेत होते. दारू पिणारे 16 कोटी होते, हे खरे. पण दहा लाखांत आपले कोणी नाही, असे म्हणण्याचे धाडस आम्ही आता करणार नाही. शिवाय कोकेन आपल्याला नवे नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबई-कलकत्त्यात ते पानाच्या विड्यातून खाल्ले जाई, आणि जर्मनीतल्या कारखान्यांचा माल चोरून बंदरांत उतरे. आपल्या मंडळींनी फार नाक मुरडू नये म्हणून आणखी एक आठवण: एकोणिसाव्या शतकात कोकाच्या पानांपासून केलेली मारियानी नावाची वाईन युरोपात शक्तिवर्धक म्हणून विकली जात असे, आणि पोप तेरावे लिओ यांनी तिच्या उत्पादकास सुवर्णपदक दिले होते. उत्पादकाने त्यांचे चित्र जाहिरातीत छापले. त्या काळी कोकेनचा धोका पुरता कळलेला नव्हता. आज तो कळला आहे, एवढाच आपल्यात आणि त्यांच्यात फरक. आणि कोकेन महाग पडते म्हणून जो एमडी, म्हणजे मेफेड्रोन, शहराशहरांतून पसरला आहे, तोही डोपामिनवरच घाला घालतो. 2015 साली तो अमली पदार्थांच्या कायद्याखाली आला. नागपूरही त्यातून सुटलेले नाही, आणि नागपूर तुमसरपासून दूर नाही.

जाता जाता सांगतो: आंबागडला आमचा मुलगा खर्रा खायला शिकला. सुपारी, तंबाखू, चुना घासून प्लॅस्टिकच्या तुकड्यात बांधलेली ती पुडी तिकडे पावलोपावली मिळते. 2016-17च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले 24.4 टक्के प्रौढ बिनधुराचा तंबाखू वापरताना आढळले. निकोटीनही मेंदूच्या त्याच वाटेवरून जाते. स्नेह्यांनी ते पाहिले, आम्हीही पाहिले आणि म्हणालो, चालायचेच, कोकेन तर नाही ना! पवित्र हवेत पाठविलेला मुलगा एक नवे व्यसन घेऊन आला, आणि उपकारस्तुतीत त्याचा उल्लेख राहून गेला.

हवापालटाची एक धाकटी बहीण आहे. तिच्यावरही दोन शब्द. ‘रुग्णाच्या नकळत व्यसन सोडवा’ अशा जाहिराती वर्तमानपत्रांत आणि रेल्वेच्या डब्यांत आपण पाहतो. चहात, वरणात भुकटी मिसळा आणि निश्चिंत व्हा. या मुलाच्या आईनेही ती मागविली होती. भुकटीत काय होते, ते कोणालाच माहीत नाही. दारू सोडविण्यासाठी डॉक्टर जे डायसल्फिराम देतात, ते माणसाच्या नकळत दिले आणि तो वर दारू प्याला, तर जीवावर बेतू शकते. कोकेनची ओढ घालविणारी गोळी तर जगात अजून कोणत्याही अधिकृत संस्थेने मंजूर केलेली नाही. मग ही पुडी काय करते? ती आईचे पाचशे-हजार रुपये घेते, आणि मुलाला कळले की घरातल्या चहावरचाही त्याचा विश्वास घेते.

मग करावयाचे काय? सुदैवाने ओढ मुरण्याचे शास्त्र जेथून आले, तेथूनच आणखी एक गोष्ट आली आहे. 2018 साली मार्को व्हेनिरो, शहाम आणि सहकारी यांनी उंदरांपुढे दोन दांड्या ठेवल्या. एकीने मेथॅम्फेटामिन हा कोकेनच्याच जातकुळीचा उत्तेजक पदार्थ मिळे. दुसरीने एक दार उघडे आणि दुसऱ्या उंदराची भेट होई. व्यसनात मुरलेल्या उंदरांनीही बहुतेक वेळा भेट निवडली. आणि अशा रीतीने, सोबत निवडून, जे पदार्थापासून दूर राहिले, त्यांची ओढ पुढे वाढलेली आढळली नाही. नुसते बळाने दूर ठेवले, तर ओढ मुरते. सोबतीच्या बळावर दूर राहिला, तर तशी मुरत नाही. आम्ही हे तीनदा वाचले. आमच्या हातात एक अख्खा धर्मग्राम होता, शेकडो घरे, मंडळे, संघ, गायकवृंद. आणि आम्ही त्या मुलाला आठशे-नऊशे किलोमीटरवर नेऊन ठेवले, की त्याने आमच्या नजरेस पडू नये.

ज्यांना हे आधी कळले, ते आपल्यातच आहेत. फादर जो परेरा यांनी 1981 साली वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमध्ये कृपा फाउंडेशनचे काम सुरू केले. ते स्वतः बी. के. एस. अय्यंगारांचे शिष्य, आणि योगासनांना त्यांनी व्यसनमुक्तीत स्थान दिले. पुण्यात 1986 साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने, मुक्तांगण उभे केले. तेथे व्यसनी माणसाइतकाच त्याच्या घरच्यांचा विचार होतो. व्यसनींच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ गट चालतो, आणि केंद्रातून बाहेर पडल्यावर पाठपुरावा हा उपचाराचाच भाग मानला जातो. दारू सोडलेल्यांच्या एए सभांचे सारे सामर्थ्य तरी कशात आहे? त्या दर आठवड्याला भरतात, आणि वीस वर्षे न पिणाराही त्यांना जातो. आपण त्याला हसतो: ‘अजून जातोस? बरा नाही झालास?’

आमची मागणी म्हणून साधी आहे, आणि ती आम्ही धर्मग्राम परिषदांपुढे ठेवीत आहोत. व्यसनातून परतलेल्यासाठी उपकारस्तुती करावयाची, तर ती वर्ष पूर्ण झाल्यावर करा; दोन महिन्यांनी नको. तोवर त्याला वेदीपुढे उभा करून त्याच्या खांद्यावर साऱ्या गावाची अब्रू ठेवू नका. ‘आठवण येते का?’ असे विचारू नका. त्याला स्वतःलाच ते ठाऊक नसते. त्याऐवजी त्याच्या खुणा कोणत्या, हे त्याच्याबरोबर बसून लिहून काढा: कोणती वाट, कोणता वार, कोणाचा फोन, कोणती गाणी. या मुलाच्या वडिलांनी आता त्याचे सारे व्यवहार स्वतःकडे घेतले आहेत, आणि कोऱ्या नोटा घरात येत नाहीत. पाय घसरला, तर त्याच दिवशी सांगण्याची मुभा असावी, आणि सांगितल्यावर दार लावले जाऊ नये. लग्नाच्या मांडवात दारूचे टेबल लावावयाचे की नाही, यावर आपण चाळीस वर्षे वाद घालीत आहोत. निदान एवढे लक्षात घ्या की कोकेन घेणाऱ्याला दारूचा पेलाही खूणच असतो, आणि दारू व कोकेन एकत्र गेली तर यकृतात कोकाएथिलीन नावाचे तिसरेच विष तयार होते, जे हृदयाला अधिक घातक. उपचार केंद्राची गरज असते, हेही आम्ही मान्य करतो. पण ते माणसाच्या संमतीने, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, आणि परतीचा दिवस आधी ठरवून. केंद्र सरकारच्या 14446 या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. तो चर्चच्या फलकावर, लग्नाच्या जाहीरनाम्यांशेजारी लावावयास कोणाची हरकत असू नये.

तो मुलगा पुन्हा उपचार घेऊन आला आहे. या वेळी गाडीत बसवायला गेलेल्यांपैकी दोघे दर रविवारी केंद्रात त्याला भेटून येत होते. घरी येऊन त्याला आज सत्त्याण्णव दिवस झाले आहेत. म्हणजे आम्ही वर जे लिहिले, त्यानुसार तो ऐन उंच लाटेवर आहे, आणि हे त्याला आम्ही सांगितलेही आहे. तो म्हणाला, “मग एकटं सोडू नका.” संध्याकाळी सहा ते नऊ ही त्याची कठीण वेळ. सोमवारी गायकवृंदातले दोघे येतात, बुधवारी त्याचा शाळासोबती, गुरुवारी एक निवृत्त शिक्षिका त्याला हिशेब लिहावयास बसवितात, शुक्रवारी एएची सभा, शनिवार-रविवार घरचे आणि आम्ही. आंबागडचे स्नेही परवा फोनवर विचारीत होते की दिवाळीत येऊ का. त्यांना या म्हणून कळविले आहे, खर्रा न आणण्याच्या अटीवर.

मंगळवारी कोण जाणार, ते अजून ठरलेले नाही.